गोटीचं वय

आरे-वारेला लोक सूर्यास्त बघायला येतात. मी मान खाली घालून चालत होतो, म्हणून मला बाटली सापडली. सुरूच्या बनाजवळ वाळूत अर्धी रुतलेली, गळ्याला कुणी चिमटा काढल्यासारखी, आणि आत गोटी!

“ब्रिटिश!” मी ओरडलो.

“कुठाय?” म्हणत मामा रस्त्याकडं बघू लागले.

त्यांना खाली बसवून मी शिकवायला घेतलं. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये अशा बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली भरताना उलटी धरायची, मग सोड्यातला वायूच गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. बूच नको, तार नको. मामांना यातलं सगळं ठाऊक होतं. कॉडसाहेब तेवढे ठाऊक नव्हते, पण त्यांच्यावाचून काही अडलंही नव्हतं.

वय काढायची माझी कसोटी ठरलेली. साच्याची शिवण बोटानं चाचपत वर जायचं. ओठापर्यंत पोचली तर बाटली यंत्रावरची, अलीकडची. ओठाखालीच विरली तर ओठ नंतर हातानं घडवलेला, म्हणजे जुनी! बोट निघालं. पोट, खांदा, गळा... विरली! काचेत एक बुडबुडाही होता. पुण्याच्या अर्देशरांचा सोड्याचा कारखाना १८८४ चा. मी त्यांच्या नावाचा ठसा शोधू लागलो. घरातल्या काचेच्या कपाटात जागासुद्धा ठरली.

“पण गोटी आत गेली कशी रे?” मामांनी विचारलं.

गोटी आत टाकायची आणि मगच तोंड आवळायचं. म्हणजे गोटीच्या बाटलीची शिवण ओठाखालीच विरणार, मग ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असो की गेल्या जत्रेतली. माझी कसोटी जगातल्या बाकी सगळ्या बाटल्यांना लागू होती.

“आणि जुन्या तुला मिळायच्या नाहीत,” मामा म्हणाले. “गोट्यांपायी आम्हीच फोडल्यात.”

तरी बुडबुडा होता! त्याच आशेवर बाटली रुमालात गुंडाळून मी वर रस्त्याला आलो. टपरीवर दोन गोटीसोडे मागितले. आजींनी अंगठ्यानं गोटी दाबली, फस्सकन आवाज झाला, आणि त्यांची नजर माझ्या रुमालावर गेली.

“रिकामी हाय ना ती? ठेव त्या खोक्यात. कालपासनं एक कमी भरत होती.”