चौकातल्या युद्धकैद्याच्या सुटकेसाठी

मा. नगराध्यक्ष आणि सुशोभीकरण समितीचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

विषय : बसस्थानकासमोरील चौकात आपल्याच फौजेच्या रणगाड्याला युद्धकैदी म्हणून डांबून ठेवल्याबाबत.

संदर्भ : आपलीच कोनशिला.

महोदय, आधी अभिनंदन. आपल्याकडे चौक मोकळा दिसला की पुतळा बसतो, आणि पुतळा कोणाचा, केवढा, तोंड कोणत्या रस्त्याला, यावर दोन निवडणुका निघतात. आपण रणगाडा आणलात. रणगाड्याला जात नाही, पोटजात नाही, त्याची जयंती-पुण्यतिथी नाही. तोंड कुठे करायचे हा प्रश्न मात्र त्यालाही सुटलेला नाही; आपल्या रणगाड्याची तोफ सध्या माजी नगराध्यक्षांच्या बंगल्यावर रोखलेली आहे. तो निव्वळ योगायोग असल्याचे मला पानाच्या टपरीवर सांगण्यात आले.

रंगकामाबद्दल काय बोलावे! फौजेचा मळकट हिरवा रंग चौकात उठून दिसत नाही, हे ठेकेदाराचे म्हणणे बरोबरच असणार. त्यामुळे पोपटी पाठीवर चॉकलेटी ठिपके, चाकांना चंदेरी कड, तोफेच्या नळीला तिरंगी पट्टे, आणि भोवती रात्री रंग बदलणारी एलईडीची माळ. ज्या वस्तूचे सारे आयुष्य दिसू नये म्हणून धडपडण्यात गेले, ती आता महामार्गावरून दिसते. शेजारी गावाच्या नावाची मोठी अक्षरे आणि लाल बदाम. सोय झाली.

आता कोनशिला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरे. ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘अध्यक्षस्थानी’, ‘विशेष प्रयत्न’, मग सर्व सन्माननीय नगरसेवक, मग मुख्याधिकारी, अभियंता आणि ठेकेदाराची फर्म. सर्वांत खाली, जागा उरली तिथे, एक ओळ : ‘१९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन रणगाडा’.

महोदय, तो पॅटन नाही. तो विजयंता आहे. आपला आहे. मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात बनलेला, भारतात तयार झालेला पहिला रणगाडा.

हे सांगणारा मी कोण? लष्कराशी माझा काही संबंध नाही. चौथऱ्यावरचे रणगाडे बघण्याचा नाद आहे, एवढेच. एसटी गावात शिरली की लोक फाटा बघतात, मी चौथरे बघतो. सैनिकी शाळांची फाटके, कॅन्टोन्मेंटची वळणे, एनसीसीची मैदाने, शहीद स्मारके, सगळीकडे कोणी ना कोणी उभा असतो. पक्षी बघणाऱ्यांना समाजात प्रतिष्ठा आहे. आमच्याकडे सुरक्षारक्षक संशयाने बघतात.

ओळख पटवायला फार विद्या लागत नाही. आधी चाके मोजायची. रंग कोणीही देतो, चाके सहसा कोणी बदलत नाही. एका बाजूला पाच मोठी चाके, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात पडलेल्या दातासारखी फट दिसली, की तो सोव्हिएत टी-५५ किंवा त्याच्या घराण्यातला. सहा चाके असली तर वर बघायचे. पॅटनचा बुरूज ओतीव आणि गोलसर, पुढची बाजूही गोलाईची. त्यावर सरळ रेघ शोधावी लागते. विजयंताचा बुरूज सपाट पत्रे जोडून केलेला, कोन अन् कडा स्पष्ट दिसतात. तरीही शंका उरली तर नळी बघा. धूर बाहेर काढणारा फुगवटा पॅटनच्या तोफेवर तोंडाजवळ असतो, विजयंताच्या १०५ मिलिमीटर तोफेवर साधारण मध्यावर. आपल्या चौकात त्याच फुगवट्यावर दहीहंडी मंडळाने फ्लेक्सची दोरी बांधली आहे, म्हणजे तो समितीच्या नजरेतून निसटला असेल असे म्हणवत नाही.

बरे, विजयंता १९६५ च्या लढाईत सापडणार तरी कसा? विकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावरून तो बनवायचे ठरले, पण ते युद्ध लढले सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३. विजयंता तेव्हा लढाईत नव्हताच. म्हणजे आपण त्याला फौजेत भरती व्हायच्या आधीच कैद केलेत, आणि कैदही शत्रूचा म्हणून! पुढे या गाड्याने आपल्या चिलखती दलात कित्येक वर्षे चाकरी केली, आणि निवृत्तीनंतर आपण त्याची नळी खाली झुकवून ठेवली आहे. ही रीत समितीला कोणी सांगितली ठाऊक नाही, पण रीत खरी आहे. जिंकलेला रणगाडा मांडताना पराभवाची खूण म्हणून नळी झुकवतात. घरच्या माणसाची झुकवत नाहीत.

पॅटनचा मोह मी समजू शकतो. ते नाव गाजलेले आहे, आणि ज्या कारणाने गाजले ते कारण मोठे आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये ८ ते १० तारखेच्या दरम्यान पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाच्या परिसरात पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन अमेरिकी पॅटन घेऊन उतरली. गाडे नवे, तोफा चांगल्या. आपल्या लोकांनी कालव्याचे पाणी शेतांत सोडले. उभ्या उसात आपले गाडे दबा धरून बसले : थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन, आणि एएमएक्स-१३ सारखे हलके गाडे. चिखलात रुतलेले पॅटन जवळून टिपले गेले. चौथ्या ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद तर रणगाड्यातही नव्हता. जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ घेऊन तो पॅटन फोडत राहिला आणि १० तारखेला पडला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मैदानात पाकिस्तानचे शंभराच्या आसपास रणगाडे गेले. पकडलेले आणि मोडलेले गाडे भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. तिथून ते देशभर विजयचिन्हे म्हणून वाटले गेले. एखाद्या चौकात खरा पॅटन उभा असेल तर त्याच्यामागे ही सगळी हकीकत उभी असते. खोटा पॅटन उभा केला की ती हकीकत उसनी घेतल्यासारखी होते, आणि विजयंताची स्वतःची बुडते ती वेगळीच.

समितीला धीर यावा म्हणून सांगतो, अशी गफलत करणारे आपण पहिले नाही. मे १९४५ मध्ये प्राग शहरात सर्वांत आधी शिरलेला सोव्हिएत रणगाडा टी-३४ होता, क्रमांक २४. स्मारकाच्या चौथऱ्यावर चढवला गेला आयएस-२, क्रमांक २३. जास्त भारदस्त दिसतो म्हणून असेल. तो तिथे १९९१ पर्यंत ‘पहिला’ म्हणून उभा राहिला. मग डेव्हिड चेर्नी नावाच्या कला-विद्यार्थ्याने एका रात्री त्याला आपादमस्तक गुलाबी रंग दिला. लष्कराने परत हिरवा केला, तर खासदारांनी जाऊन पुन्हा गुलाबी केला. शेवटी रणगाडा संग्रहालयात हलवावा लागला. आपला पोपटी पाहिल्यावर मला त्या चेर्नीबद्दल जास्त आदर वाटू लागला. त्याला निदान निषेध करायचा होता.

घोटाळ्याची आणखी एक जागा सांगून ठेवतो, पुढच्या चौकासाठी उपयोगी पडेल. १९७१ साली पाकिस्तानकडे चिनी टी-५९ होते आणि आपल्याकडे सोव्हिएत टी-५५. दोन्ही एकाच घराण्यातले, सोव्हिएत टी-५४ चे वारस. लांबून सख्खे भाऊ. लोंगेवालाच्या स्मारकात उभे आहेत ते पाकिस्तानचे टी-५९. उद्या आपल्याकडे टी-५५ आला तर समिती त्याला टी-५९ समजून हार घालण्याऐवजी जोडे घालायची. बुरुजावर पुढच्या उजव्या बाजूला छत्रीसारखी टोपी आहे का, तेवढे पाहावे. हवा खेळवणारी ती टोपी जुन्या टी-५४ ला आणि चिनी भावाला असते, टी-५५ ला नसते. चौथरा उंच केलात तर ती दिसणार नाही, एवढे अभियंत्यांना सांगा.

स्मारकाचे पुढे काय होते याचीही थोडी चिंता आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने, युद्धासाठी पैसा गोळा करून दिल्याबद्दल, अडीचशेहून जास्त गावांना एकेक रणगाडा भेट दिला. आनंद लवकर ओसरला आणि एकेक करून गाडे भंगारात गेले. केंटमधल्या ॲशफर्डचा तेवढा जागेवर टिकला. का, तर त्याच्या पोटात विजेचे उपकेंद्र बसवले होते म्हणून, असे सांगतात. आपणही महावितरणशी बोलून पाहावे. जागा त्यांनाही हवीच असते. आणि इंजिन काढले आहे ना, याची एकदा खात्री करून घ्या. २०१४ च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या कोस्तियांतिनिव्का इथे चौथऱ्यावरचा आयएस-३ फुटीरतावाद्यांनी सुरू करून खाली उतरवला आणि चालवत नेला. आपल्याकडे माजी नगराध्यक्षांचा बंगला समोरच आहे.

थट्टा पुरे. विजयंताच्या पोटात चार माणसे बसत : कमांडर, तोफची, गोळा भरणारा आणि चालक. सेंच्युरियनमध्येही तेवढीच. पुण्यात जन्मलेला अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अशाच एका सेंच्युरियनमध्ये होता. वय एकवीस. गाडा पेटल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला, त्याने तो मानला नाही, आणि तोफ चालवत राहिला. त्या गाड्याचे नाव फामागुस्ता. तो आज आपल्याच राज्यात, अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. खेत्रपाल ज्या पूना हॉर्स रेजिमेंटचा, तिचेच कमांडंट अर्देशीर तारापोर, शिक्षण पुण्यात, १९६५ च्या सप्टेंबरमध्ये सियालकोटच्या आघाडीवर पडले. दोघांनाही परमवीर चक्र. आणि ज्याला हे सगळे गाडे एकाच आवारात पाहायचे असतील, पॅटन कसा असतो आणि विजयंता कसा, त्याच्यासाठी अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उघडे आहे. पत्रे, चाके, नळ्या हाताच्या अंतरावर. समितीच्या अभ्यास दौऱ्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. नगरची एसटी आपल्याच स्थानकातून सुटते.

मागण्या फार नाहीत. पोपटी रंग खरवडून मळकट हिरवा द्या. नळी वर करता आली तर करा. वेल्डिंग करून बसवली असेल तर गावातला कोणीही फॅब्रिकेटर ते कापून देईल. आणि ती ओळ बदला. नवा मजकूर मी इथेच देतो, म्हणजे ठराव लांबणार नाही : ‘विजयंता रणगाडा. आवडी येथे बांधणी. तोफ १०५ मिलिमीटर. चार जणांचे पथक.’ त्याखाली तो कोणत्या रेजिमेंटकडे होता ते लिहा. निवृत्त रणगाडे खडकीच्या डेपोतून येतात आणि त्यांच्याबरोबर कागद येतात. ते कागद नगरपालिकेच्या कोणत्या तरी कपाटात असणार. शिपायाला विचारा, त्याला माहीत असेल.

कोनशिलेवर जागा नाही अशी अडचण सांगितली जाईल. वरची दोन नावे काढावीत, एवढीच विनंती. कोणती, ते समितीने ठरवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एसटीच्या खिडकीकडेचा एक करदाता