विषय : माझा नंबर मागितल्याबद्दल आभार

ब्रिटनमधल्या समस्त रिक्रूटमेंट एजन्सींना,



दर तीन महिन्यांनी आपल्याला आम्हा कॉन्ट्रॅक्टरांची आठवण येते, याबद्दल प्रथम आभार मानतो. ५ ऑगस्ट, ५ नोव्हेंबर, ५ फेब्रुवारी आणि ५ मे या चार तारखा जवळ आल्या की आपली मेल येते. वर ‘तातडीचे’ असा शिक्का आणि खाली मागण्यांची यादी : पूर्ण नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख, लिंग, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विमा) क्रमांक, दहा आकडी करदाता क्रमांक, आणि जमल्यास पासपोर्टची प्रत. कारण एका ओळीचं : ‘सरकारला हवं आहे.’ मराठी वाचकाला कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की रस्ते-पूल बांधणारा कंत्राटदार आठवतो, म्हणून सांगायला हवं की इथला कॉन्ट्रॅक्टर बहुतेक वेळा एकटाच असतो. पुण्या-मुंबईहून आलेले आयटीवालेही त्यांत आहेत. स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची, संचालक आपणच, कामगारही आपणच, आणि एजन्सीमार्फत एखाद्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं काम करायचं. आपल्या करारपत्रात या कंपनीचा मोठा मान असतो. हा दोन व्यवसायांमधला व्यवहार आहे, सबब भरपगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, असं त्यात ठासून लिहिलेलं असतं. रजा मागितली तर आम्ही कंपनी, आणि नंबर मागायचा झाला तर आम्ही माणूस. हे रूपांतर इतक्या सहजपणे करणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

तरीही आपल्याशी भांडण मागणी केल्याबद्दल नाही, हे आधीच कबूल करतो. मागणीमागे खरा कायदा आहे. ६ एप्रिल २०१५ पासून ब्रिटनच्या करखात्याने, म्हणजे एचएमआरसीने, आपल्यासारख्या मध्यस्थांवर तिमाही अहवालाचं बंधन घातलं. ज्या एजन्सीचा ग्राहकाशी करार आहे, जी एकाहून अधिक माणसं पुरवते आणि पगारातून कर न कापता त्यांच्या कामाचे पैसे देते, तिने अशा प्रत्येकाची माहिती कळवायची. त्याला कारणही तसंच होतं. बांधकामावरच्या मजुरांना, ड्रायव्हरांना कागदोपत्री ‘स्वयंरोजगारी’ ठरवायचं आणि मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता वाचवायचा, हा धंदा जोरात होता. तो हप्ता तेव्हा १३.८ टक्के होता. कामावर हुकूम मालकाचा, रजेचा पगार मात्र कुणाचाच नाही, अशी त्या माणसांची गत होती. २०१४ साली सरकारने एजन्सींविषयीचे करनियम कडक केले आणि पुढच्या वर्षी, कोण कुठे आणि कुठल्या नावाखाली काम करतं हे कळावं म्हणून, हा अहवाल आणला. हेतू चांगला होता आणि गरज खरी होती.

पण सरकारने नेमकं काय मागितलं आहे, ते आपण एकदा वाचावं अशी नम्र सूचना. अहवालाचा नमुना ही एक स्प्रेडशीट आहे आणि तिचे रकाने मोजके आहेत. नाव, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लागतो. जन्मतारीख आणि लिंग लागतं ते असा क्रमांक नसेल तेव्हा. करदाता क्रमांक लागतो तो स्वयंरोजगारी माणसाचा किंवा भागीदारीतल्या भागीदाराचा. शिवाय कामाच्या तारखा, दिलेली रक्कम, आणि कर का कापला नाही याचं कारण एका अक्षरात : स्वयंरोजगारी असेल तर ‘ए’, लिमिटेड कंपनी असेल तर ‘डी’. लिमिटेड कंपनीवाल्यासाठी कंपनीचा नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक द्यायचा, त्याचा वैयक्तिक करदाता क्रमांक नाही. पासपोर्टची प्रत तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती दुसऱ्या एखाद्या नियमाखाली लागत असेल, तर त्या नियमाचं नाव घेऊन वेगळी मागावी. म्हणजे नॅशनल इन्शुरन्स क्रमांक असलेल्या कंपनीवाल्यापुरती आपल्या यादीतली निम्म्याहून अधिक माहिती सरकारने मागितलेलीच नाही. तिच्यावर सरकारच्या नावाचा शिक्का मात्र आहे.

असं का होतं, याचं उत्तर आपल्या दुष्टपणात नाही, हिशेबात आहे. अहवाल उशिरा किंवा चुकीचा गेला तर दंड आपल्याला : पहिल्यांदा २५० पौंड, बारा महिन्यांत दुसऱ्यांदा झाला तर ५००, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी हजार. कमी माहिती घेतली तर दंडाची भीती आहे, जास्त घेतली तर आपलं लगेच काही जात नाही. कोण ‘ए’ आणि कोण ‘डी’ हे आधी विचारून दोन वेगळे फॉर्म करण्यापेक्षा सगळ्यांकडून सगळं मागवणं स्वस्त पडतं. जादा माहिती फुटली तर निस्तरणार आम्ही. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आणि काही पत्रांच्या तळाशी ‘माहिती न आल्यास पेमेंट थांबवले जाईल’ अशी तळटीप असते. या अहवालाच्या नियमांत दंड एजन्सीला आहे, काम करणाऱ्याची मजुरी अडवायची तरतूद त्यांत नाही. तो शोध आपला स्वतःचा आहे, आणि तोही सरकारी शाईने लिहिलेला.

यावर आपण म्हणाल, कर नाही त्याला डर कशाला? म्हण चांगली आहे, पण ती गुन्हेगाराविषयी आहे, गुन्ह्याला बळी पडणाऱ्याविषयी नाही. २००७ साली याच एचएमआरसीच्या वॉशिंग्टन इथल्या कार्यालयातून (हे गाव इंग्लंडच्या ईशान्येला आहे) लंडनच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे दोन सीडी निघाल्या आणि वाटेतच हरवल्या. बालक भत्ता घेणाऱ्या कुटुंबांमधल्या अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील त्यांत होते. अर्थमंत्र्यांना संसदेत उभं राहून ते सांगावं लागलं आणि खात्याच्या प्रमुखाने राजीनामा दिला. लेखापरीक्षकांना बँक खात्यांची माहिती नकोच होती. ती गाळत बसण्यापेक्षा सगळंच पाठवणं सोपं, म्हणून ती गेली. त्या अडीच कोटींमध्ये कर चुकवणारे किती होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचा संबंधच नव्हता. पासवर्ड बदलता येतो, पण जन्मतारीख बदलता येत नाही आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक माणसाला जन्मभर पुरतो. सरकारच्या घरातून हे गेलं, तर आपल्या ऑफिसातल्या एका फोल्डरचा भरवसा कुणी द्यायचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आमच्याच बाजूचे लोक घेतात. हे क्रमांक करखात्यानेच दिलेले आहेत, मग ते आमच्याकडून एजन्सीकडे आणि तिथून पुन्हा करखात्याकडे फिरवायचे कशाला? हा युक्तिवाद पटण्याजोगा वाटतो, पण टिकत नाही. खात्याकडे क्रमांक आहेत, पण कुठला माणूस कुठल्या एजन्सीमार्फत किती पैसे मिळवतो हे नाही. ती सांगड घालायला क्रमांकच लागतो, कारण एका नावाची माणसं शेकड्यांनी सापडतात. म्हणून नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाची मागणी रास्त आहे. मात्र हाच न्याय पुढे नेला, तर क्रमांक दिल्यावर जन्मतारखेची गरज उरत नाही, आणि कायदाही तेच सांगतो. भारतात टीडीएस कापणारा पॅन मागतो, पण त्याने काय कळवलं ते सरकारी करविवरणात करदात्याला दिसतं आणि चूक असेल तर त्याच्याकडून दुरुस्त करून घेता येते. तुम्ही आमच्याविषयी काय लिहून पाठवलंत, हे मात्र तुमच्या स्प्रेडशीटलाच ठाऊक.

छोट्या एजन्सीला वकील परवडत नाही, हेही मान्य. पण आम्ही मागतो त्याला वकील लागत नाही. प्रत्येक मागणीपुढे ती कुठल्या रकान्यासाठी आहे ते लिहा. माहिती कुठे आणि किती दिवस ठेवणार, ते सांगा. अहवालातली आमची ओळ आम्हालाही पाठवा. कामापुरतीच माहिती घ्यावी, जादा घेऊ नये, हे ब्रिटनच्या १९९८ च्या डेटा संरक्षण कायद्यात होतं आणि २०१८ पासूनच्या नियमांतही आहे. सरकारचं नाव पुढे करणाऱ्याने सरकारचे सगळेच कायदे वाचावेत, एवढीच अपेक्षा.

कळावे. लोभ असावा, माहितीचा नसावा.

आपला,
कारण ‘डी’

सोबत : नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, एक. जन्मतारीख जोडलेली नाही, कारण क्रमांक जोडला आहे.