विजारीचा पंचनामा

सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाच्या अखेरीस, गळफास घेण्याचा विचार करीत असलेल्या दोन भणंगांपैकी एस्ट्रागॉन हा आपल्या कमरेची दोरी सोडतो, आणि ती या कामी पुरेशी बळकट आहे किंवा नाही याची रुजुवात होण्यापूर्वीच त्याची विजार घसरून घोट्यांशी गोळा होते. दोरी ताणताच तुटते, मरण तहकूब होते, आणि हा गृहस्थ, सोबत्याने आठवण करून देईपर्यंत, उघड्या पायांनी तसाच उभा राहतो.

१९५३ च्या जानेवारीत पॅरिसच्या बॅबिलोन नाट्यगृहात हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा नटाने ती विजार पुरती घसरू दिली नाही असे कानी येताच, एरवी स्वतःच्या नाटकाचा अर्थ सांगण्यास साफ नकार देणाऱ्या बेकेटने दिग्दर्शक रॉजे ब्लँ याला पत्र धाडून, विजार पूर्णपणे खाली आलीच पाहिजे, असे निक्षून बजावले. धोतराचा सोगा नेमका केव्हा सुटावा हे आमच्या तमाशातील सोंगाड्याला कोणी पत्राने कळवावे लागत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

नाटककाराने ज्या कलमाविषयी एवढा आग्रह धरला, त्यावर मोकळेपणाने हसणे मात्र विद्वज्जनांच्या शिरस्त्यात बसेना. १९५५ च्या ऑगस्टमध्ये पीटर हॉलने लंडनच्या आर्ट्स थिएटरात प्रयोग केला, तेव्हा बहुतेक दैनिकांच्या टीकाकारांनी नाके मुरडली; पुढे रविवार उजाडला, हॅरॉल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन यांनी आपापल्या पत्रांतून नाटकाची तरफदारी केली, आणि टीकेच्या दरबारातील वारे हळूहळू असे फिरले की, काल ज्या विजारीला ग्राम्य म्हणून दाराबाहेर काढले होते, तिलाच आज मानवी अस्तित्वाच्या विवस्त्रतेचे प्रतीक म्हणून सन्मानाने आसनावर बसविण्यात आले. दोन्ही फैसल्यांत हसण्याची तरतूद नव्हतीच.

मायामीच्या जाहिरातदारांचा अपराध नेमका उलट जातीचा. १९५६ च्या जानेवारीत त्यांनी हेच नाटक दोन खंडांना हसवून सोडणारी चीज म्हणून खपविले, आणि करमणुकीच्या आशेने आलेल्या कित्येक प्रेक्षकांनी मध्यंतरातच घरची वाट धरली.

१९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात मात्र सुमारे १४०० कैद्यांपुढे प्रयोग झाला, आणि प्रतीक्षा म्हणजे काय हे ज्यांना कोणत्याही पंडिताने समजावून देण्याचे प्रयोजन उरले नव्हते, असे ते प्रेक्षक शेवटपर्यंत खिळून बसले. तुरुंगाच्या सभागृहात परीक्षणे वाटण्याची व्यवस्था नसावी, हे नाटकाचे सुदैव.

तेव्हा वाचकांस अर्ज एवढाच की, या नाटकाला जाल तेव्हा हसू आल्यास ते दाबू नये, शेजारी टीकाकार बसला असल्यास त्याच्या तोंडाकडे पाहू नये, आणि परीक्षण वाचायचेच झाले तर ते प्रयोगानंतर वाचावे.