फक्त अर्धा तास

“काका, घरीच हाव न्हवं? जरा अर्धा तास पोरं बघताव का?”

हे वाक्य ज्यांच्या दारात कधी आलं नाही, त्यांच्या इमारतीत बहुधा माणसं राहत नसावीत. बाकीच्यांना ही बाई ठाऊक आहे. एका खांद्याला पर्स, हातात डबा, एका पायात चप्पल, दुसरी अजून शोधात, आणि पुढ्यात ढकललेली दोन मुलं. ‘घरीच’मधला ‘च’ तेवढा नीट ऐकावा. घरीच असणारा माणूस रिकामाच असतो, असं त्या ‘च’चं म्हणणं. मी चादरी-टॉवेलांची जकार्ड डिझाइनं काढतो. संगणकावर चौकटीचा कागद उघडायचा आणि एकेक चौकट भरत जायचं. भरली तर ताण्याचा धागा उचलणार, रिकामी राहिली तर नाही. एक चौकट चुकली की मोराची मान मोडते आणि ती शेवटच्या चादरीपर्यंत मोडलेलीच राहते. हे त्या बाईला मी दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा ती जिना उतरता उतरता म्हणाली, “व्हय की काका, बसूनच काम हाय ना.”

माझ्या वाट्याला ती आली २०२१ च्या उन्हाळ्यात. आमची ही लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. एप्रिलमध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागू झाला आणि ती तिकडंच अडकली. अर्धातासबाई समोरच्याच फ्लॅटमधली. पण ही घरी असेपर्यंत तिचा आणि माझा संबंध फक्त पाणी आलं की नाही, एवढ्यापुरता. सोलापुरात तेव्हा नळ चार-पाच दिवसांनी यायचा. तेवढ्या ओळखीवर माणसाच्या दारात कुणी मुलं ठेवतं का? पण ठेवली.

शाळा तर मार्च २०२० पासून बंद. वर्षभर मोबाइलवर ‘आवाज येतोय का’ एवढाच अभ्यास झाला. एप्रिलच्या सुरुवातीला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि १ मेपासून रीतसर उन्हाळी सुट्टी लागली. जी शाळा भरतच नव्हती तिला सुट्टी कशी लागते, हे मला थोरलीनं विचारलं. ती नऊ वर्षांची. धाकटा सहाचा. एरवी सुट्टीत ही दोघं शहराच्या पूर्व भागात आजोळी जायची. ही माणसं घरात तेलुगू बोलणारी. तिथं त्यांची अम्मम्मा. तिनं आयुष्यभर घरी विड्या वळल्या, मांडीवर सूप आणि सुपाच्या सावलीत नातवंडं. पण ती सत्तरीची, दम्याची, आणि त्या गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात अँब्युलन्स. पाळणाघरं, शिबिरं, पोहण्याचे क्लास, सगळं कुलूपबंद. म्हणून काका. काका घरीच.

पहिल्या दिवसाचा अर्धा तास सकाळी दहाला सुरू झाला आणि चारला संपला. मी म्हटलं, असेल काही अडचण. दुसऱ्या दिवशीचा साडेपाच तासांचा. तिसऱ्या दिवशी मी वहीच घातली. आठवडाभराची सरासरी काढली, तर तिचा अर्धा तास बरोबर सहा तासांचा निघाला. म्हणजे एकास बारा. त्या हिशेबानं साठीला आलेला मी अवघा पाच वर्षांचा आणि धाकटा माझ्याहून वर्षानं मोठा ठरत होता. वागायचाही तसाच.

मला या मापाची इतकी सवय लागली की बाकीची मापं बिघडली. मुलीचा फोन आला, “बाबा, अर्ध्या तासानं करते,” तर मी जेवून, झोपून उठलो. चावीवाला म्हणाला, अर्ध्या तासात पाणी सोडतो, तर मी पिंपं धुवायलाच काढली नाहीत; त्या बाबानं खरोखर अर्ध्या तासात पाणी सोडलं. मग पाच दिवस आम्ही तिघांनी दोन पिंपांत काढले. त्यातल्या एका पिंपात धाकट्यानं माझा माऊस बुडवला. नुसता बुडवला नाही; साबण लावून, टीव्हीत दाखवतात तसा, वीस आकडे मोजून धुतला. “काका, आता त्याला कोरोना होत नाही.” झाला नाही. त्याला काहीच झालं नाही, कारण त्यानंतर तो हललाच नाही. आणि तेव्हा सकाळी सात ते अकरा उघडणाऱ्या दुकानांत माऊस बसत नव्हता. धान्य बसत होतं, दूध बसत होतं.

थोरली शहाणी होती, म्हणजे जास्त धोक्याची. चौकटी भरायला ती दोन दिवसांत शिकली. मी डुलकी काढत असताना तिनं माझ्या मोराला मास्क घातला. इतका बेमालूम, की मी फाइल तशीच कारखानदाराला पाठवली. त्याचा फोन आला, “डिझाइनर, हे चालंल बघा. माग सुरू झाले की काढू का शंभर?” तीस वर्षांत त्यानं माझ्या कुठल्या डिझाइनला ‘चालंल बघा’ म्हटलं नव्हतं.

बापाचं विचाराल, तर बाप होता. झेडपीचा मास्तर, मंगळवेढ्याच्या बाजूला. सगळी बिल्डिंग म्हणायची, मास्तरांना काय, सुट्टीच. मास्तरांची सुट्टी अशी की १७ एप्रिलला पंढरपूरची पोटनिवडणूक, तिथं ड्यूटी. शाळेच्या वर्गात पोरं बसवायची नाहीत, पण त्याच वर्गात मतदारांची रांग लावायची. ती संपली तर सर्वेक्षण, मग चेकपोस्ट. गडी आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि मुलांना लांबून, दाराच्या चौकटीत उभा राहून बघायचा. मात्र बिल्डिंगमधल्या एकानंही त्याला कधी विचारलं नाही की मुलं कोण बघतं. विचारायचे ते तिला. मीही तिलाच विचारायचो.

आणि तिच्यावर माझा राग होता तो वेगळ्याच कारणानं. बाई महापालिकेत नोकरीला, कर विभागात. २२ एप्रिलपासून सरकारी कचेऱ्यांत पंधरा टक्के हजेरीचा हुकूम निघालेला, पेपरात आलेला, मी कात्रण काढून ठेवलेलं. पंधरा टक्क्यांचा हिशेब केला तर बाईला सात दिवसांतून एकदा जायला हवं. ही रोज जाते कुठं? बेचाळीसच्या उन्हात? महापालिकेच्या इंद्रभुवनाला आग लागली की काय? तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांचं मत पडलं, माहेरी जात असेल. दुसऱ्या एकाचं मत आणखी वाईट पडलं. मी ते खोडून काढलं नाही, हे आता लिहायला बरं वाटत नाही, पण घडलं तसं आहे.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तो फोनवर म्हणाला, मामा, इकडं शाळा बंद केल्या तेव्हाही दवाखान्यात, दुकानात कामाला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी त्या उघड्या ठेवल्या होत्या. मी म्हटलं, इकडंही सोय आहे. त्यानं विचारलं, काय सोय? मी म्हटलं, मी.

मुलांचे खेळ ठरलेले. कडक भाकरी चक्रीसारखी फेकणं हा पहिला. ती फुटत नाही, शोकेसची काच फुटते. दुसरा खेळ धाकट्याचा खास. तो खुर्ची उलटी करायचा, तिच्या पाठीच्या दांड्यांतून तोंड काढायचा आणि मला ओळीत उभं करायचा. ओळीत मी एकटाच.

“नाव सांगा.” सांगितलं. “वडिलांचं नाव? पत्ता? एकवीस दिवसांच्या आत आलाव का?”

मला वाटलं, पहिल्या लॉकडाऊनचे एकवीस दिवस पोराच्या डोक्यात बसलेत. मी म्हणायचो, आलोय.

“उशीर झाला असता तर लेट फी पडली असती. किती प्रती पाहिजेत?”

“एक.”

“एकानं भागत न्हाई,” असं म्हणून तो बटाट्याच्या कापाचा शिक्का माझ्या चौकटीच्या कागदावर हाणायचा. माझा मनीप्लांट उन्हानं गेला तेव्हा त्यानं त्याचाही दाखला काढला. मी हसून तो कपाटावर चिकटवला. रेशन ऑफिस-ऑफिस खेळतोय, असं मी हिला फोनवर कौतुकानं सांगितलं. कौतुकानं म्हणजे तक्रारीच्या सुरात. हिला दोन्हींतला फरक कळतो.

मेच्या मध्यात आमच्या कारखान्यातले जुने जॉबर गेले. पस्तीस वर्षांचा स्नेह. मुलगा पुण्याला, त्याचा स्वतःचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणाला, काका, तेवढा दाखला काढून ठेवता का? मी हो म्हटलं. आता ही दोन मुलं कुठं ठेवायची? तिसऱ्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. साहेबांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, घरीच आहात ना? जरा अर्धा तास...”

महापालिकेच्या आवारात चुन्यानं गोल आखलेले होते आणि गोलांत कुणी नव्हतं. सगळे लिंबाच्या सावलीत एकमेकांना चिकटून. कुणी बोलत नव्हतं. पुढच्या मुलाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तीत चष्मा, घड्याळ आणि दवाखान्याचे कागद. तासाभरानं मी खिडकीच्या जवळ सरकलो तेव्हा आतून आवाज आला.

“मयताचं नाव सांगा. वडिलांचं नाव? पत्ता? एकवीस दिवसांच्या आत आलाव न्हवं?”

मी आवाजानं ओळखलं. म्हणजे आधी धाकट्याचा आवाज ओळखला, मग तिचा.

दोन मास्क, वर प्लास्टिकची काच, हातमोज्याचं एक बोट फाटलेलं. कर विभागातून तिला जन्म-मृत्यू नोंदणीला दिलेली होती. पंधरा टक्क्यांचा हुकूम या खिडकीला नव्हताच. समोरची म्हातारी विचारत होती, किती वेळ लागंल बाई? ती म्हणाली, “बसा की सावलीत. फकस्त अर्धा तास.” म्हातारी बसली. तिथं सगळेच तिच्या अर्ध्या तासात बसलेले होते.

माझा नंबर आला. मान वर न करता तिनं विचारलं, “मयताचं नाव?” मी सांगितलं. पेन थांबलं.

“काका? पोरं कुठायत?”

“तिसऱ्या मजल्यावर. अर्धा तास सांगून आलोय.”

ती हसली असावी. मास्कावरून कळलं नाही, डोळे मात्र बारीक झाले. मग पुन्हा लिहायला लागली. “किती प्रती पाहिजेत?”

“एक.”

“एकानं भागत न्हाई काका. बँकेला लागती, विम्याला लागती, पेन्शनला लागती, वारसाला लागती. पाच घ्या. परत परत या रांगेत यायला नको.”

मी पाच घेतल्या. घरी पोचायला मला तीन तास लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी दार उघडलं ते घड्याळ हातात धरूनच. त्यांच्या मताबद्दल मी तेव्हाही काही बोललो नाही, पण माझा चेहरा बघून पुढं ते मत त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी धाकट्यानं पुन्हा खुर्ची उलटी केली. किती प्रती, म्हणाला. मी म्हटलं, पाच. तो इतका खूश झाला की पाच बटाटे कापायला निघाला.

त्या दिवसानंतर तिला मी खिडकीबद्दल काही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. वही मात्र बंद केली. अर्धा तास सहाचा सातावर गेला. मेच्या अखेरीस एकदा आठावर. आली की ती आधी वर गच्चीत जाऊन पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करायची, कपडे बादलीत बुडवायची, मगच बेल वाजवायची. ओल्या केसांनी दारात उभी राहून शेंगाचटणीचा डबा पुढं करायची. “उशीर झाला का काका?” मी म्हणायचो, कुठं, अर्धाच तास तर झाला. खिचडीबरोबर ती चटणी मी महिनाभर खाल्ली. लसणाचं प्रमाण जरा जास्त असायचं. हे मी तिला सांगणारच होतो.

जूनमध्ये ही परत आली. घर बघून म्हणाली, तुमचं बरं होतं, तुम्ही घरीच होता. धाकटा तोवर मला ‘ताता’, म्हणजे तेलुगूत आजोबा, म्हणायला लागला होता. हिला वाटलं टाटा करतोय, म्हणून तिनंही हात हलवला. थोरलीच्या मास्कवाल्या मोराच्या शंभर चादरी निघाल्या नाहीत, चार निघाल्या. एक माझ्याकडं आहे. मोराच्या मानेत एक चौकट चुकलीय, पण मास्कामुळं दिसत नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी जुळे सोलापूरला घर घेतलं. टेम्पो भरला, मुलं टेम्पोत पुढं बसली, आणि ती जिन्यात एका पायात चप्पल चढवत मला म्हणाली, “काका, सामान टाकून अर्ध्या तासात येते बघा, च्याला.”

त्यावेळी शेवटचा डबा माझ्याकडंच राहिला होता. हिनं घासून ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात साखर घातली. ती ओलसर होऊन तिचा खडा होतो, दोनदा बदलली. परवा पुन्हा बदलायला घेतली, तर ही म्हणाली, अहो, एवढ्यात कशाला, येईल ती.