एका कानाला हेडफोन

टेक्नो ऐकायला कोल्हापूरच्या माणसानं गोव्याला जावं, हे आमच्या पेठेत पैसे जास्त झाल्याचं लक्षण मानतात. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर उभं राहिलेल्या माणसाला छातीत धडधडायला आंबोली घाट उतरायची काय गरज? तरी भाच्यानं नेलंच. ‘‘मामा, तुम्ही नुसतं बघायला चला,’’ म्हणाला. वागातोरच्या त्या क्लबात सगळे काळ्या कपड्यांत आणि मी लग्नकार्याच्या पांढऱ्या शर्टात. जांभळा दिवा लागला आणि मी ट्यूबलाइटसारखा पेटलो. मग रात्रभर भाच्याचे मित्र चुकले की माझ्यापाशी येऊन थांबायचे.

नुसतं बघायचं म्हणजे काय बघायचं, हे कळायलाच बराच वेळ गेला. टेबलामागं एक सडपातळ पोरगा, बर्लिनहून आलेला. मान वाकडी, एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा, बोटं बटणांवर. गाणारं कुणी नाही, वाजवणारं कुणी दिसत नाही, आणि सगळी गर्दी त्याच्याकडं तोंड करून नाचतेय. आपल्याकडं माणसं एकमेकांकडं तोंड करून नाचतात, फार तर गणपतीकडं. भाच्यानं कानात ओरडून शिकवणी घेतली. पुढचं गाणं त्या हेडफोनमध्ये आधी त्याला एकट्यालाच ऐकू येतं. चालू गाणं मिनिटाला १३० ठोक्यांचं असेल, तर दुसरं तिथंच आणून बसवायचं आणि सांधा कळू न देता एकात दुसरं सोडायचं. मधेच तो खालचा ठोकाच काढून घेतो. सगळ्यांचे पाय अधांतरी, हात वर. तो गर्दीकडं बघतो. अजून नाही. अजूनही नाही. मग सोडतो, आणि जमीन हलते.

मला खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्त्यांचं मैदान १९१२ साली पुरं झालं, आणि हलगीवाला तिथं हेच करत आलाय. जोड खडाखडी करते तोवर हलगी रमतगमत. एकानं पट काढला की लय चढलीच. त्याची नजर हलगीवर नसते, पैलवानाच्या पायांवर असते. हा बर्लिनचा पोरगाही पायच बघत होता.

हे टेक्नो संगीत डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधल्या तीन शाळासोबत्यांनी, ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी, १९८०च्या दशकात घडवलं असं सांगतात. ते खरं आहे. पण १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमातल्या वादकानं रोलँड कंपनीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवून ठेवले होते. तबकडीची सुरुवात भैरवानं. पहाटेचा राग, म्हणजे क्लब सुटायची वेळ. हिशेब बरोबरच होता. खपली मात्र नाही. ३०३च्याच आवाजावर शिकागोकरांची तबकडी १९८७ साली आली आणि दुनिया नादावली. चरणजितांची तबकडी २०१० साली परत निघाली, तेव्हा कुठं म्हातारपणी त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

महाद्वार रोडवर मी इतकी वर्षं उभा राहतोय. पण डॉल्बीच्या ऑपरेटरकडं कधी बघितलं नव्हतं. तो दिसतच नाही. जनरेटर आणि बॉक्सच्या भिंतीमधल्या फटीत, ट्रॉलीत बसलेला असतो. त्याच्याही एका कानाला हेडफोन. दुसऱ्या कानात कार्यकर्ता: ‘‘भावा, तेच लाव की परत!’’ बर्लिनच्या पोराला असं कुणी सांगत नाही. त्यात रात्री बारा वाजले की पोलीस येणार, आणि मघापासून चढवत आणलेली लय तिथंच टाकायची.

पोलिसांचं चुकत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. साधं बोलणं साठाच्या घरात जातं, त्यामुळं हा नियम कोल्हापूरकर नुसती चौकशी करतानाही मोडतो, ते सोडा. पण क्लबात शिरणारा पैसे भरून, आपण होऊन कान देतो. महाद्वार रोडवरच्या माडीवर झोपलेल्या आजीनं तिकीट काढलेलं नसतं. तिच्या खिडकीची तावदानं वाजवण्यात कसली कला नाही.

यंदा मिरवणुकीला गेलात, तर बॉक्सच्या भिंतीमागं जाऊन त्या पोराला एकदा नीट बघा. पाण्याची बाटली द्या, चांगला सांधा जमला तर पाठीवर थाप द्या. आणि त्याच्या मोकळ्या कानात सांगा, बाबा, आवाज जरा खाली घे.