गळसम्राटांस अनावृत पत्र

श्रीमान गळसम्राट, मासेमारी साहित्याचे घाऊक व किरकोळ व्यापारी, नवशिक्यांचे कैवारी, यांच्या सेवेसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या उपकारांचे ओझे आता आमच्या एका घराला पेलवेनासे झाले आहे. माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागला. हातात पगार आला, रविवार मोकळा मिळू लागला आणि गळ टाकायला शिकावे असे त्याच्या मनाने घेतले. तो थेट आपल्या पेढीवर आला. परतल्यावर त्याच्या गाडीतून जे सामान उतरले ते पाहून माझ्या बहिणीला वाटले, पोराची बदली झाली.

(रांजणगाव म्हणजे गणपतीचे. मुळा-मुठा जिथे भीमेला मिळते ते रांजणगाव सांडस वेगळे. मोबाईलच्या नकाशावर भरवसा ठेवून आपली गिऱ्हाइके एकाऐवजी दुसरीकडे पोचतात, तो दोष मात्र आपला नाही.)

आपले नाव मी इथे लिहीत नाही. आपण किती प्रसिद्धिपराङ्मुख आहात हे मी जाणतो. एवढी खरेदी होऊनही आपण पावती दिली नाहीत, यातच सारे आले.

पहिले आभार आपल्या भिडस्तपणाचे. कुठल्या पाण्यावर बसणार, कोणता मासा धरणार, काठावरून टाकणार की होडीतून, असले खासगी प्रश्न विचारून आपण पोराला अवघडवले नाही. असे प्रश्न हलक्या दुकानांत विचारतात. तिथला माणूस आधी ‘कुठं बसणार?’ म्हणतो आणि मग काठीला हात लावतो. आपण एकच प्रश्न विचारलात, ‘बजेट किती?’ आणि उत्तर ऐकून त्याच्या दीडपट काठी काढलीत.

ती काठी बारा फुटी. समुद्रावर लाटांच्या पलीकडे आमिष पोचवायला करतात तशी. शिरूरपासून समुद्र लांब आहे हे आपल्याला माहीत नसेल असे मी म्हणणार नाही. आपण पुढचे पाहता. घोड भीमेला मिळते, भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते, रायचूरकडे कृष्णेत जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. पोरगा काठाकाठाने चालत राहिला तर कधी ना कधी काठी उपयोगी पडेलच.

तूर्त तो घोडनदीवर बसला. शिरूरपाशी पलीकडचा काठ अहिल्यानगर जिल्ह्याचा. उन्हाळ्यातल्या आटलेल्या पात्रावरून त्याने पहिल्याच फेकीत पुणे जिल्ह्यातले शिसे शेजारच्या जिल्ह्यात नेऊन टाकले. तिथे कडवळ कापणाऱ्या मावशींनी उभे राहून जे आभार मानले, ते मी आपल्यापर्यंत पोचवू शकत नाही. संपादक छापणार नाहीत. मासे होते ते अलीकडेच, काठापासून दहा-पंधरा हातांवर, बंधाऱ्याच्या सावलीत. सहा-सात फुटांची मध्यम ताकदीची काठी आणि तिला जोडीला अडीच-तीन हजार नंबरचे साधे स्पिनिंग रीळ, एवढ्याने त्याचे भागले असते. पण भागणे ही दरिद्री कल्पना आहे, हे आपण त्याला शिकवलेत.

स्पिनिंग रिळाविषयीचे आपले मत तर त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवले. ते लहान पोरांचे, शिकाऊ. खरा गडी बेटकास्टर वापरतो. धन्य. बेटकास्टरमध्ये फेकताना फिरकीच गरगरते आणि आमिष पाण्यावर टेकायच्या आत ती अंगठ्याने थांबवावी लागते. तो अंगठा तयार व्हायला अनेक रविवार जातात. स्पिनिंग रिळात फिरकी जागीच असते, दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो, म्हणून जगभर नवशिक्याच्या हातात आधी तेच देतात. आपण जगाच्या मागे जाणारे नव्हेत. आमच्या पोराने फेकले, आमिष थांबले, फिरकी थांबली नाही. रिळावर शेवयांचा डोंगर उभा राहिला. माझी आई चष्मा लावून तिन्हीसांजेपर्यंत तो सोडवीत बसली. तिचे डोळे अजून चांगले आहेत हे आम्हाला आपल्यामुळे कळले.

बेअरिंगची संख्या आपण किती श्रद्धेने सांगता! तेरा अधिक एक. रिळाची किंमत त्या संख्येने ठरते असा पोराचा आता पक्का समज आहे. ड्रॅगबद्दल मात्र आपण मौन पाळलेत. मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटायच्या आत रिळाने थोडा थोडा सोडावा, यासाठी ती चकती असते. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण चौथाईवर ती ठेवतात. आपण स्वतःच्या हातांनी ती पिळून पक्की आवळून दिलीत. एवढी आपुलकी सख्खा मामा दाखवत नाही.

दोऱ्याचे काय सांगू! आम्ही त्याला तंगूस म्हणतो. पाव ते तीन दशांश मिलिमीटर जाडीचा तंगूस आमच्या पाण्याला पुष्कळ झाला. तो थोडा ताणला जातो आणि नवशिक्याच्या हिसक्याला क्षमा करतो. आपण चाळीस पौंडी विणलेला ब्रेड दिलात, जो तसूभर ताणला जात नाही. तोही कोऱ्या फिरकीवर थेट गुंडाळून. खाली तंगुसाचे चार वेढे न देता ब्रेड गुंडाळला की तो अख्खाच्या अख्खा फिरकीवर घसरतो, आणि हँडल कितीही फिरवले तरी मासा आपल्या जागी निवांत राहतो. ही अहिंसा मला भावली.

शिवाय तो तुटत नाही. बंधाऱ्याच्या दगडात गळ अडकला तर सगळ्यांत आधी गळाजवळचा वीतभर बारीक दोरा तुटावा, बाकी सारे वाचावे, असे शहाणे लोक बांधतात. आपल्या रचनेत सगळ्यांत आधी पोराचा तळहात कापला. मागाहून काठीचे टोक गेले. दोरा अजून शाबूत आहे, हवा तर पाहून जावा.

‘सोबत फ्री’ म्हणून दिलेल्या तंगुसाच्या रिळाबद्दलही ऋणी आहे. आपल्या दर्शनी काचेत ते किती उन्हाळे तपश्चर्या करत होते, ठाऊक नाही. ऊन खाल्लेला नायलॉन ठिसूळ होतो. आमच्या पोराने गाठ आवळली आणि गाठीसकट दोरा हातात आला.

आता गळ. पोराने बिचाऱ्याने तर्क लढवला: लहान गळ हवा, म्हणजे एक नंबर. या विद्येत आकडा वाढला की गळ लहान होतो, दहा नंबर हा एक नंबरापेक्षा कितीतरी बारीक, आणि एकाच्या अलीकडे शून्याची शेपटी लागली की पुन्हा उलटी वाढ. हे त्याला कोण सांगणार? आपण सांगू शकला असतात, पण गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर जाणे आपल्या रक्तात नाही. दुसऱ्या खेपेस तो म्हणाला, ‘हे मोठे पडतात.’ तेव्हा आपण पाच-शून्य दिलेत. अर्धा किलोच्या चिलापीच्या तोंडात तो गळ जायचा तर आधी भूल द्यावी लागेल.

चिलापीचे नाव आपल्या दुकानात निघत नाही, कारण तिच्यासाठी महाग काही विकता येत नाही. ही आफ्रिकेची पाहुणी भारतात १९५२ साली आणली गेली. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, त्याचे पाणी मागे दौंड तालुक्यापर्यंत चढले, आणि आता त्या पाण्यात चिलापीचेच राज्य आहे. भिगवणच्या बाजारात जाऊन टोपल्या पाहाव्यात. भीमेच्या बंधाऱ्यांवर शाळेतली पोरे वेळूची काठी, चार हात तंगूस, ज्वारीच्या ताटाचा तरंगा आणि गांडूळ एवढ्यावर तासाभरात कालवणापुरती चिलापी काढतात. आमचा भाचा शेजारी कंबरेला पट्टा, डोक्यावर पोलराइज्ड चष्मा लावून बसलेला असतो. पोरे त्याला ‘साहेब’ म्हणतात. हा मान आपण मिळवून दिलात.

कृत्रिम आमिषांचा तो पेटारा उघडला की माझी नजर अजून हटत नाही. लाल-पांढरे मासे, चंदेरी चमचे, डोळे वटारलेले बेडूक, प्रत्येकाला तीनतोंडी गळ. ‘कटला-रोहू स्पेशल’ असे आपण सांगितलेत म्हणे. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ, मृगळ तळाचा गाळ. त्यांच्यापुढून हे प्लास्टिकचे मासे दिवसभर नाचवले तरी ते अभ्यागतांचे स्वागत करतील, पाठलाग करणार नाहीत. त्यांना कणकेची गोळी आणि शेंगदाण्याची पेंड पुरते. बेडकाला झडप घालणारा मरळ आहे. तो पाणवनस्पतीच्या आडोशाला, जलपर्णीच्या कडेला असतो, आणि तिथे झाकल्या टोकाचा बेडूकच चालतो. पेटाऱ्यात तेवढा एकच नग नव्हता.

आपल्या धंद्याला केवढी परंपरा आहे, याची आपल्याला कल्पना असावी म्हणून सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावे, दोरी कशी, काठी कशी, हे सारे राजाने लिहून ठेवले. सिंहासनावर बसलेल्या माणसाला माशाचे खाणे माहीत करून घ्यावेसे वाटले. आपण गल्ल्यावर बसता, आपल्याला कामे फार.

इथवर गंमत झाली. आता ज्याबद्दल आपले विशेष आभार मानायचे, तिकडे वळतो.

बारा फुटी काठी कार्बनची आहे. ‘एकदम हलकी’ एवढे आपण सांगितलेत. कार्बनमधून वीज वाहते, हे सांगायचे राहून गेले. भीमा आणि घोड यांच्या काठी पावलापावलावर शेतीपंपांच्या मोटारी आहेत, आणि त्यांच्या तारा कुठे कुठे हाताला लागतील इतक्या लोंबतात. पोराने काठी मागे घेतली तेव्हा तिचे टोक तारेपासून फार लांब नव्हते, असे पंपावरच्या गड्याने मला सांगितले. त्या वेळी फीडरला वीज नव्हती. महाराज, इतकी वर्षे मी भारनियमनाला शिव्या दिल्या. आपल्यामुळे त्याला हात जोडावे लागले. चार शब्दांची चिठ्ठी काठीला बांधायला किती खर्च येतो, ते कळवावे. मी देतो.

शिशाचे दाणे दोऱ्यावर बसवायला आपण दातांनी दाबून दाखवलेत. पोरगाही आता दातच वापरतो. शिसे विष आहे. ब्रिटनमध्ये राजहंस मरू लागले तेव्हा १९८७ पासून बहुतेक वजनांच्या शिशाच्या गोळ्यांवर तिथे बंदी आली. आमच्याकडे राजहंस नाहीत. भिगवणला रोहित येतात, आणि काठावर सोडलेल्या तंगुसाचे फास पक्ष्यांच्या पायांत अडकतात. पण आपला ग्राहक पक्षी नाही.

‘परवाना वगैरे काही लागत नाही, बिनधास्त बसा’ हाही आपलाच आशीर्वाद. जलाशयांवरचे मासेमारीचे हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांचे बोटुकलीचे पैसे पाण्यात असतात, घर त्यावर चालते. पोराला संस्थेच्या माणसांनी हटकले, तेव्हा त्याने आपले नाव सांगितले. त्यांनी ते ऐकले नव्हते. हा त्यांचा करंटेपणा.

आणि आपली ‘मान्सून ऑफर’! आषाढ-श्रावणात, अंड्यांनी भरलेले कटला-रोहू पुराच्या पाण्याबरोबर वर चढतात, नेमक्या त्या दिवसांत आपण काठ्यांवर सूट देता. खडकवासल्याहून सोडलेले पाणी मुठेतून मुळा-मुठेत आणि तिथून भीमेत येते. पावसाळ्यात सोलापूरकर सकाळी उठून आधी दौंडचा विसर्ग किती क्युसेक ते पाहतात, मग चहा घेतात. ज्या दगडावर बसून पोरगा गळ टाकतो तो दगड दुपारी जागेवर असतो, संध्याकाळी नसतो. आपल्या ऑफरच्या पत्रकावर मात्र झेप घेणारा मासा आहे आणि हसणारे कुटुंब.

बारा फुटी काठी वाया गेलेली नाही, हेही कळवतो. टोक मोडल्यावर बहिणीने तिला विळा बांधला; यंदा परसातल्या चिंचा शेंड्यापर्यंत उतरल्या. हलकी आहे, म्हणते. तारा नाहीत त्या बाजूने.

जाता जाता एक छोटीशी मागणी. दहा नंबरचे गळ, एक पाकीट. पाव मिलिमीटरचा तंगूस, सावलीत ठेवलेला. शिशाऐवजी दुसऱ्या धातूची वजने मिळत असतील तर ती. तरंगा घरचा आहे, गांडुळे उकिरड्यात आहेत. हे सगळे मिळून आपल्या पेटाऱ्यातल्या एका बेडकापेक्षा स्वस्त पडेल, म्हणजे आपल्याकडे ते नसणारच. तरीही चुकून निघालेच, तर टपालाने पाठवावे. भाच्याला घ्यायला धाडत नाही.

कळावे.

आपला ऋणाईत,
भीमाकाठचा एक मामा