पॅलेटमागच्या डोळ्याच्या चित्रकारांस

आयशॅडो पॅलेटच्या पाठीवर डोळ्याचं चित्र काढणाऱ्या आदरणीय महोदयांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपलं नाव पॅलेटवर छापलेलं नसतं, म्हणून नुसतं महोदय म्हणते, राग नसावा. आपला तो डोळा मात्र अठरा वर्षं रोज माझ्यासमोर आहे. बदामी आकार, पापणीवर ठसठशीत घडी, घडीखाली रंग भरायला ऐसपैस अंगण. त्यावर तीन बाण. फिका रंग पापणीवर, मधला घडीत, गडद बाहेरच्या कोपऱ्यात. ब्युटीशियनच्या कोर्सला असताना हेच चित्र आम्ही वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत काढलं आणि मार्क मिळवले. त्या मार्कांबद्दल आपली मी ऋणी आहे.

त्याच वहीत पुढच्या पानावर एक तक्ता होता. डावीकडे 'दोष', उजवीकडे 'सुधारणा'. बारीक डोळे, खोल गेलेले डोळे, जवळजवळचे डोळे आणि त्याच रांगेत 'ओरिएंटल डोळे'. सुधारणा काय, तर गडद रंगाने खोटी घडी काढावी. कोट्यवधी बायकांचे डोळे दोषाच्या रकान्यात बसवायला आपल्याला एक ओळ पुरली, याचं आज नवल वाटतं. तेव्हा वाटलं नाही. मी तीही ओळ पाठ केली.

मग एक मणिपुरी मुलगी माझ्या खुर्चीत येऊन बसली. सहा वर्षं पुण्यात नर्स, मराठी घडाघडा बोलणारी, नवरा मुलगा साताऱ्याचा. रिसेप्शनला ती पोतलोई नेसणार होती, म्हणजे मणिपुरी नवरीचा तो ताठ, गोल, चमचमता घागरा. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पाऊण तास आपल्या बाणांबरहुकूम राबले. सोनेरी, तांबूस, चॉकलेटी. कुठे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो ते दिसू नये, इतकं निगुतीने ब्लेंड केलं. "उघड आता," म्हटलं.

तिने डोळे उघडले आणि सगळं गेलं. सोनेरी गेला, लायनर गेलं. उरली ती भुवईखाली अधांतरी तरंगणारी चॉकलेटी पट्टी, मार बसून काळंनिळं व्हावं तशी. तिने आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सॉरी ताई, माझे डोळे असेच आहेत."

महोदय, माफी तिने मागितली. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, स्वतःच्या डोळ्यांबद्दल. ती माफी आपली होती आणि माझी होती. माझ्या वाटणीची मी तिथेच मागितली. आपल्या वाटणीची आपल्यापर्यंत पोचवावी, म्हणून हे पत्र.

मी सगळं पुसलं. ती म्हणाली, "आता मी डोळे उघडेच ठेवते, तुम्ही लावा." आपल्या तीन बाणांत न मावणारी विद्या मला त्या एका वाक्याने मिळाली. ती समोर आरशात बघत राहिली आणि उघड्या डोळ्यावर रंग जिथे दिसेल तिथे मी बारीक टिंब दिलं. गडद रंग पापणीच्या केसांना चिकटून ठेवला आणि वर जाताना विरत नेला, घडी शोधलीच नाही. लायनर आधी केसांच्या मुळांमध्ये भरलं, मग उघड्या डोळ्यात दिसेपर्यंत थोडं थोडं जाड केलं, मध्यावर जरा जास्त. तिच्या पापणीचे केस सरळ खाली झुकलेले होते. आयलॅश कर्लर मुळाशी, मधे आणि टोकाला असा तीनदा दाबला, वर वॉटरप्रूफ मस्कारा लावला, कारण साध्याच्या ओलाव्याने कर्ल उतरतो. अशी पापणी दिवसभर स्वतःलाच टेकत असते, म्हणून लायनरही न पसरणारं हवं. हे सारं पॅलेटच्या पाठीवर चार ओळींत मावलं असतं.

आपल्यामुळे मी पुस्तकंही उघडली, त्याबद्दल मनापासून आभार. पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू कातडीला जिथे धरून असतात, तिथे घडी पडते. काही डोळ्यांत ते तसे धरलेले नसतात आणि मधली चरबी जरा खाली उतरलेली असते, म्हणून पापणी सलग आणि भरीव दिसते. आतल्या कोपऱ्यावर कित्येकदा कातडीचा छोटा पडदा असतो. तिथे चमक लावायला शिकवतात, ती त्या पडद्यावर बसते आणि पांढरा डाग दिसतो. एवढीच ती रचना. यात बिघडलेलं काहीच नाही.

जपानीत या पापण्यांना साधे शब्द आहेत. एकपदरी ती हितोए, दुपदरी ती फुताए आणि घडी आत लपलेली ती ओकुबुताए. तिन्ही एका घरात सापडतात. कधी एकाच चेहऱ्यावर डावा डोळा एक असतो, उजवा दुसरा. कोपऱ्याकडे वर चढत गेलेल्या लांबट डोळ्यांना चिनी लोक फीनिक्स पक्ष्याचे डोळे म्हणतात, आणि त्यांच्या 'तीन राज्यांच्या' कादंबरीतल्या ग्वान यू या महावीराला असेच डोळे दिले आहेत. कोरियन मेकअपमध्ये खालच्या पापणीखालचा हसरा फुगवटा, ज्याला एग्योसाल म्हणतात, तो फिक्या रंगाने मुद्दाम उठावदार करतात. आपल्या चित्रात तो भाग कोराच आहे.

आपल्या बाणामागचा घडीचा हट्ट फार जुना आहे, हेही मला वाचूनच कळलं. टाके घालून पापणीवर घडी पाडायची शस्त्रक्रिया मिकामो या जपानी डॉक्टरने 1896 मध्येच नोंदवली. कोरियन युद्धानंतर राल्फ मिलार्ड या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने कोरियात अशा शस्त्रक्रिया केल्या. आज तिथे ती अगदी सर्रास होते. जिला हवी तिने करावी, डोळा तिचा आहे. पण शाळकरी मुलगी पापणीवर टेप चिकटवून आरशासमोर बसते, तेव्हा तिच्यापुढे आपलंच चित्र असतं, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

हल्ली आपण मोठ्या मनाने शेजारी दुसरा डोळा काढता आणि त्याखाली 'एशियन' लिहिता. आभारी आहे. पण महोदय, मीही आशियातलीच. माझी सिंधी मैत्रीण, शेजारच्या इराणी काकू, ती मणिपुरी नवरी, सगळ्या आशियातल्याच. जगातली निम्म्याहून जास्त माणसं एका डोळ्यात कशी बसवलीत? आणि माझी आई? तिचे डोळे ऐन तारुण्यात आपल्या चित्रासारखेच होते. आज सत्तरीत वरची कातडी उतरून घडीवर आली आहे. नातवाच्या मुंजीला तिने आपल्या बाणांप्रमाणे रंग लावला आणि तो दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "आता काय, माझं वय झालं." पुन्हा दोष डोळ्याचा. मी तिला खुर्चीत बसवलं, डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि मणिपुरी मुलीने शिकवलेलं तिच्यावर केलं. आई बराच वेळ आरशापुढून उठली नाही.

त्या रिसेप्शनला नवरीची आई इंफाळहून आली होती. लेकीची हनुवटी धरून तिने एक डोळा पाहिला, मग दुसरा, आणि मैतेई भाषेत काही बोलली. मला कळलं नाही. मुलीने मराठीत सांगितलं, "आई म्हणते, तू तुझ्यासारखीच दिसतेयस."

तेव्हा हात जोडून विनंती, की पुढच्या पॅलेटवर चार तरी डोळे काढावेत. प्रत्येक डोळा एकदा मिटलेला, एकदा उघडा. कुठल्याही डोळ्याखाली 'दोष' लिहू नये आणि 'सुधारणा' तर मुळीच नको. जागा कमी पडली तर बाण काढून टाकावेत, आम्ही पाहून घेऊ.

पत्रोत्तर पॅलेटच्या पाठीवरच द्यावे. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
पुण्यातली एक ब्युटीशियन